मलकपेठेतली लिसनिंग वॉच

आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. चहा मगमध्ये ओतेपर्यंत त्याचा बर्फ व्हायचा आणि आम्ही तो हातोडीने फोडून खायचो.

बरकतपुऱ्याच्या इराणी हॉटेलात हे मी निदान हजार वेळा सांगितलं आहे. कागदावर उतरवून प्रल्हादला वाचायला दिलं तेव्हा त्याने लाल पेन्सिलीने अठरा हजारांवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, तेरा हजार आठशे. हातोडीखाली नुसती रेघ ओढली. तर पोस्ट तेरा हजार आठशे फुटांवर होती. हातोडी मी ठेवतो आहे.

मी हवालदार उद्धव, सिग्नल्स, रिटायर्ड. प्रल्हाद माझ्या हाताखाली नायक होता. मी बरकतपुऱ्याचा, तो मलकपेठेचा. आमच्या आजोबांची बिदरकडे शेती, त्याचे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले. युनिटमधले तमिळ आम्हाला तेलुगू समजायचे आणि तेलुगू आम्हाला पुण्याचे समजायचे. तिसरा लान्स नायक यादय्या, लाइनमन, नलगोंड्याकडच्या खेड्यातला. तिघे हैदराबादी म्हणून कंपनीत आमचं नाव पडलं, तीन मिनार. चौथा कुठे, असं कुणी विचारलं की यादय्या म्हणायचा, रजेवर आहे.

काम असं. प्रल्हाद आणि मी आळीपाळीने एक्सचेंजवर बसायचो. ही लिसनिंग वॉच. कानाला हेडसेट लावायचा, स्वतः बोलायचं नाही, जे ऐकू येईल ते वेळेसकट लॉगमध्ये लिहायचं. काही ऐकू आलं नाही तर तेही लिहायचं, नथिंग हर्ड. मी चार तासांची 'नथिंग हर्ड' पहिल्या पाच मिनिटांत लिहून टाकायचो आणि डुलकी काढायचो. प्रल्हाद तसं कधी करत नसे. त्याच्या लॉगमध्ये कावळा ओरडल्याचीही वेळ असायची. लाईनच्या खरखरीवरून तो सांगायचा की केबल कुठल्या वळणावर ओली झाली आहे. यादय्या तिथे जाऊन बघायचा. केबल ओली निघायची.

फेब्रुवारीतला दिवस. १२०० वाजता मी प्रल्हादकडून चार्ज घेतला. १२१५ ला खालच्या पोस्टची लाईन डेड झाली. १२२० ला यादय्या आणि एक जवान, अशी दोघांची लाइन पार्टी उतरली. १३१० ला माझ्यासमोरचा टेलिफोन वाजला. मी उचलला. पलीकडून आवाज आला, "उस्ताद, लाईन जोडली. सब ठीक." पाठोपाठ वरचा सगळा बर्फाचा कडा खाली आला. जवान स्वतःच्या पायांनी वर आला. यादय्या संध्याकाळी सापडला.

या परिच्छेदाशेजारी प्रल्हादने काट मारलेली नाही. फक्त एक लाल टिंब ठेवलं आहे. त्या टिंबाकडे मी नंतर येतो.

रिटायर झालो तेव्हा देशाची दारं उघडत होती, असं पेपरवाले लिहीत. आमच्याकडे उघडली ती दुकानांची शटरं. माजी सैनिक म्हणून मला एसटीडी बूथ मिळाला. पिवळी पाटी, काचेचं केबिन, पल्स मोजणारं मीटर. प्रल्हाद दिलसुखनगरला एका कॉम्प्युटर कोचिंग क्लासमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झाला. खांद्यावर सोनेरी दोरी असलेला युनिफॉर्म. मी म्हणायचो, जनरलच्या वर पोचलास. मलकपेठेत गच्चीगच्चीवरून केबल टीव्हीच्या काळ्या वायरी गेल्या. रेसकोर्सकडचा एक कावळा बसायला मोकळी जागा न मिळाल्याने विकाराबादला निघून गेला. (इथे पुन्हा लाल रेघ.) फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या प्रल्हादच्या घरी अखेर फोन आला. वहिनींनी त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं.

दोन-तीन महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका दुपारी प्रल्हाद बूथवर आला. युनिफॉर्मला कडक इस्त्री, डोळे लाल. केबिनमध्ये कुणी नाही हे दोनदा पाहून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, माझी लाईन टॅप झालीय."

दुसरा कुणी असता तर त्याने प्रल्हादच्या कपाळाला हात लावून पाहिला असता. मी शटर ओढलं. माझी चूक इथून सुरू झाली, आणि ती चूक आमच्यासारखे सिग्नलवालेच करू शकतात. प्रल्हादचा कान मला माहीत होता. तो लाईन टॅप म्हणाला म्हणजे टॅप. शिवाय खरं सांगायचं तर बूथवर बसून मी कंटाळलो होतो.

आम्ही लाईन पॅट्रोल, म्हणजे गस्त, काढली. फोनची तार केबलवाल्याच्या वायरीला जोडलीय असं प्रल्हादचं म्हणणं, म्हणून त्याच्या घरावरून गेलेली काळी वायर धरून गच्चीमागून गच्ची. एकवीस गच्च्या पार केल्या. (लाल पेन्सिल: नऊ.) एके ठिकाणी वाळत घातलेल्या मिरच्यांमधून रांगत गेलो, एके ठिकाणी एक म्हातारी "एवरय्या मीरु", कोण रे तुम्ही, म्हणत झाडू घेऊन मागे लागली. मी वीस वर्षांनी लहान झालो होतो. प्रल्हाद दर दहा पावलांवर थांबून वायरला कान लावायचा. तो हसत नव्हता. हे मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

वायर संपली केबलवाल्याच्या खोलीत. दोन व्हीसीआर, गच्चीवर डिश, आणि बनियनवर झोपलेला एक माणूस.

"आपण यायच्या आधी मशीन हलवलं," प्रल्हाद म्हणाला. "स्टूल बघा. अजून गरम आहे."

मी स्टुलावर हात ठेवला. गरम होतं. मेमध्ये हैदराबादेत मढंसुद्धा गरम असतं. तरी पुढचे दोन दिवस मी बूथ उघडला की आधी रिसीव्हरचं झाकण फिरवून आत बघत होतो. जिना उतरताना मी त्याला विचारलं, तुला हे सांगितलं कुणी. तो म्हणाला, खात्रीचा माणूस आहे. कोण, म्हणालो. नव्या रंगरूटकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सुलोचना वहिनी बूथवर आल्या. या प्रल्हादच्या पत्नी, शाळेत शिकवतात, आवाज चढवत नाहीत. स्टुलावर बसल्या आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं सगळं सांगितलं. प्रल्हाद पाच दिवस झोपलेला नाही. ड्यूटीवर जाणं बंद. वहिनींच्या हातचं खात नाही. सालाची वस्तू असेल तरच खातो, केळं, उकडलेलं अंडं, आणि ते स्वतः सोलतो. नळाचं पाणी बंद, फक्त शहाळ्याचं, तेही समोर फोडलेलं. गल्लीत थांबणाऱ्या प्रत्येक स्कूटरचा नंबर वहीत उतरवतो. फोनवर उशी बांधली आहे. आणि भिंतीशी बसून बोलतो.

"कुणाशी?"

"यादय्या भाऊजींशी."

मी मीटरवरची धूळ पुसू लागलो.

"ते लाईनवर आहेत म्हणे. उस्तादने मला लाईनवर सोडलं आणि रिसीव्हर ठेवला, असं सांगतात म्हणे." वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत फक्त काळजी नव्हती. "आणि भाऊजी, तुम्ही त्यांच्याबरोबर गच्च्यांवर फिरलात. आता मी काही म्हटलं की ते म्हणतात, उस्तादनेही चेक केलंय."

त्या गेल्यावर मी मोठी अक्कल लढवली. प्रल्हाद माणसाचं ऐकत नाही, ऑर्डर ऐकेल. युनिटचे हुकूम काढणाऱ्या अ‍ॅडज्युटंटसाहेबांची नक्कल मी कॅन्टीनमध्ये अशी करायचो की एकदा खुद्द साहेबच सावधान झाले होते. केबिनमध्ये शिरलो. शेजाऱ्यांच्या फोनवर वहिनींना उशी सोडायला सांगून ठेवलं होतं. नंबर फिरवला.

"नायक प्रल्हाद. अ‍ॅडज्युटंट हिअर. यू आर रिलीव्ड. जेवण, झोप, उद्या एमआय रूमला रिपोर्ट."

एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. पलीकडे टाच जुळल्याचा आवाज आला. मी जिंकलो असं मला वाटलं.

"यस सर," प्रल्हाद म्हणाला. मग थांबला. "सर, ऑथेंटिकेट."

हे आमच्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात. अनोळखी आवाज हुकूम देत असेल तर त्या दिवसाचं कोड कार्ड काढायचं आणि खूण विचारायची. खूण जुळली तर आवाज आपला. नाही तर दुश्मन. प्रल्हाद आजारी होता, पण ड्रिल विसरला नव्हता. मी खाकरलो, म्हणालो, कोड आज बदलला आहे. तेवढ्यात माझ्या डोक्यावरचं मीटर टिक् करून पुढे सरकलं.

"उस्ताद," तो म्हणाला, "तुमच्या मीटरचा आवाज येतोय."

आणि रिसीव्हर ठेवला. आपटला नाही. हळूच ठेवला.

वेड्याचा संशय म्हणून हसण्यावारी न्यावं असं त्यात काही उरलं नव्हतं. मी त्याच्या बायकोशी संधान बांधलं होतं, खोटं नाव घेतलं होतं, त्याच्याच फोनवरून त्याला फसवलं होतं. त्याला जे वाटत होतं त्यातला एक भाग मी स्वतः खरा करून दिला होता.

दुसऱ्या सकाळी वहिनी आणि मी मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, जुन्या शहरातल्या, बोलणं संथ. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, स्किझोफ्रेनिया वाटतो, तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही. आवाज त्याला खरोखर ऐकू येतात, तेव्हा 'भास आहे' म्हणून वाद घालू नका. पण तुम्हालाही ऐकू येतात असं चुकूनही म्हणू नका. तो घाबरलेला आहे, झोपलेला नाही, एवढं तर दिसतं ना, त्यावर बोला. आपल्या पायांनी आला तर उत्तम. जिवाला धोका दिसला तर वाट बघू नका, चार माणसं घ्या आणि आणा. शेवटी माझ्याकडे वळल्या.

"हवलदार साब, आप उनसे झूठ नक्को बोलो. बस."

मी विचारलं, मग मी बोलू काय? वहिनी हसल्या. पाच-सहा दिवसांत पहिल्यांदा हसल्या असतील. लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्याच दिवशी १३३० वाजता वहिनींचा शेजाऱ्यांकडून फोन आला. प्रल्हादने ट्रंकेतून आर्मीचे बूट काढले आहेत. पॉलिश चाललं आहे. बाजूला हातमोजे आणि पक्कड. चार वाजता कोपऱ्यावरच्या खांबावर चढणार आहे. यादय्या बोलावतो आहे, लाईन जोडायची आहे. केबलवाल्याने आपली वायर विजेच्या खांबावरून नेलेली होती. वर उघड्या तारा. गच्चीवरून आम्ही दोघांनी तो खांब पाहिला होता.

१३५५ ला मी पोचलो. खाली तीन शेजारी उभे होते, एकाच्या हातात दोरी. सगळे भले लोक. मी म्हणालो, मला चारपर्यंत द्या, तो उंबरा ओलांडून बाहेर निघाला तर धरा. एकाने मला वरून खालपर्यंत पाहिलं. गच्चीवर ह्याच्याबरोबर रांगणारा हाच, हे त्याला आठवलं असावं.

दार प्रल्हादनेच उघडलं. दाढी वाढलेली, बूट आरशासारखे. त्याने आधी माझे खिसे पाहिले, मग माझ्या मागचा जिना.

"ऑथेंटिकेट," म्हणाला.

"माझ्याकडे कोड नाही," मी म्हणालो. "काल फोन मीच केला होता. तू झोपावंस म्हणून केला. चूक झाली."

तो दारातच उभा राहिला. मी पुढे काय बोलायचं ते ठरवून आलो नव्हतो. त्याचे डोळे पाहिले आणि तोंडातून निघालं, "किती दिवस वॉचवर आहेस?"

"सहा."

"रिलीफ?"

"कुणी आला नाही."

"मी आलोय. १४०० ते १६०० मी बसतो. तू आडवा हो."

"तुम्ही लॉग आधीच लिहून ठेवता."

"हौ. ठेवायचो. आज तुझ्यासमोर लिहितो."

त्याने बराच विचार केला. मग स्कूटरचे नंबर लिहिलेली वही माझ्या हातात दिली, नवं पान उघडून. म्हणाला, जे ऐकू येईल तेच. भिंतीशी चटई होती. तो बुटांसकट आडवा झाला, पक्कड छातीवर. डोळे उघडेच. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, मधलं दार त्याने लावून घेतलं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ लिहिलं आहे, सांगितलं त्याहून जास्त आहे. पण त्या दोन तासांइतकी कठीण वॉच मी केलेली नाही. पंखा, उकाडा, आणि कानात येईल तेवढंच लिहायचं. पंख्याला मोराचा आवाज म्हणावंसं वाटायचं. हात आवरत होतो. ते पान अजून आहे. १४०५, खाली भंगारवाला. १४१२, पंख्याची कुरकुर. १४२०, कुकर, तीन शिट्ट्या. १४३१, शेजारी टीव्ही, हिंदी, बाई रडते. १४४०, नथिंग हर्ड. १४५०, नथिंग हर्ड. १५०५, दूरवर आगगाडी. मध्ये वीस मिनिटं त्याचे डोळे मिटले. १५१० ते १५३०. श्वास ऐकू आला, तोही लिहिला.

१५३२ ला तो उठून बसला. "आला?"

"नाही."

"आत्ता बोलतोय तो."

"तुला येत असेल ऐकू. मला येत नाही."

मी खोटं बोलतो आहे असं त्याला वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. त्याने पक्कड उचलली, पट्ट्याला लावली. पाऊचचं बटण लावता लावता थांबला. मग ज्या प्रश्नासाठी तो इतकी वर्षं थांबला होता तो प्रश्न आला. आवाज अगदी शांत होता, चार्ज घेताना विचारावं तसा.

"उस्ताद, दुसऱ्या दिवशी सामान मी गोळा केलं. यादय्याची पक्कड पाऊचमध्ये होती. बटण लावलेलं. तो तुटल्या जागेपर्यंत पोचलाच नव्हता. लॉगमध्ये तुमच्या हातचं आहे, नथिंग हर्ड. मग १३१० ला फोन कुणी केला?"

हे ते लाल टिंब.

फोन कुणीच केला नव्हता. यादय्याचं सामान घेऊन मी त्याच्या गावी गेलो होतो. त्याची आई अंगणात बसली होती. तिने तेलुगूत विचारलं, शेवटी काही बोलला का. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, हो अम्मा. लाईन जोडली म्हणाला, सब ठीक म्हणाला. काम पुरं करून गेला. म्हातारीने दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. तिथे थांबायला हवं होतं. पण गोष्ट बरी जमली होती. इराण्याकडे सांगितली, शेजारपाजारी सांगितली, दर वर्षी आवाज जास्त स्पष्ट होत गेला. प्रल्हाद समोर बसलेला असायचा. चहात बिस्किट बुडवून गप्प ऐकायचा. मला वाटायचं, त्यालाही आवडते.

मी त्याला हे सगळं सांगितलं. दोन-तीन वाक्यांत. हातवारे केले नाहीत.

"फोन आला नाही," मी म्हणालो. "मी बनवलं. त्या दिवशीचा लॉगही मी आधीच लिहून ठेवला होता. पण झोपलो नव्हतो. यादय्या खाली गेला होता, म्हणून रिसीव्हर कानालाच धरून होतो. लाईन डेड होती. काही आलं नाही."

"मग हा कोण बोलतोय?"

"मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल अशा एक डॉक्टर आहेत. काल सकाळी—" मी थांबलो. "नाही, आज सकाळी. आज सकाळी वहिनी आणि मी तुला न सांगता त्यांच्याकडे गेलो होतो."

हेही सांगायलाच लागलं. तो उठला, मधल्या दाराशी गेला. मी जागचा हललो नाही, पण खालच्या दोरीचा विचार मनात आला. त्याने कडी काढली नाही. दाराला तोंड लावून विचारलं, "सुलू, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?"

आतून जरा वेळाने आवाज आला. "तीन. का हो?"

त्याने परत येऊन वही घेतली. १४२० च्या ओळीवर बोट ठेवलं. मग खालच्या ओळी वाचल्या, एकेक, शेवटपर्यंत. नथिंग हर्ड पाशी बोट थांबवून माझ्याकडे पाहिलं, पुढे गेला. १५१० ते १५३० पाशी पुन्हा थांबला.

"मी झोपलो होतो?"

"वीस मिनिटं."

"तेवढ्यात तो बोलला?"

"मला ऐकू आलं नाही."

१५४५ झाले होते. त्याने पट्ट्याची पक्कड सोडली आणि माझ्यासमोर धरली. चार्ज देताना धरतात तशी, मूठ माझ्याकडे. मी घेतली. वहीत लिहिलं, पक्कड एक, मिळाली, आणि सही केली. त्यानेही केली. मग म्हणाला, "तो नको म्हणतोय. जाऊ नको म्हणतोय."

"म्हणू दे. आपण दोघं आहोत, तो एकटाच आहे."

"तो तुमच्यावर चिडलाय."

"त्याचं बरोबर आहे," मी म्हणालो.

ऑटोत तो मध्ये बसला, वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या. कोपऱ्यावरचा खांब आला तेव्हा त्याने मान खाली घातली आणि वही दोन्ही हातांनी धरली. दवाखान्यात पोचेपर्यंत तीनदा त्याने ऑटोवाल्याचा नंबर विचारला. ऑटोवाला वैतागला, तरी तीनदा सांगितला. तिन्ही वेळा तोच. ते बरं झालं.

तो सव्वातीन आठवडे आत होता. गोळ्यांनी हात ताठले, वजन वाढलं, जीभ जड झाली. मधल्या एका वर्षी बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या सोडल्या आणि आम्ही पुन्हा त्याच दारात गेलो. कोचिंग क्लासवाल्यांनी दुसरा माणूस घेतला होता. प्रल्हाद माझ्या बूथवर बसू लागला. पिवळ्या पाटीच्या सगळ्या इतिहासात असं काटेकोर रजिस्टर कुणी ठेवलं नसेल. मी डॉक्टर बाईंना एकदा विचारलं होतं, माझ्या गोष्टीमुळे झालं का हे. त्या म्हणाल्या, आजार तुमच्या गोष्टीने झाला नाही, ती नसती तर त्याने दुसरं काही धरलं असतं. पहिलं मी मानतो. दुसरं कळतं, पण त्याने धरलं ते माझंच, हेही राहतंच.

आवाज पूर्ण गेला का, असं लोक विचारतात. प्रल्हाद म्हणतो, कधी कधी येतो, सिग्नल वीक आहे.

बरा झाल्यावर पहिल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं यादय्याच्या गावी गेलो. मी ठरवून गेलो होतो की म्हातारीला खरं सांगायचं. तिला आता दिसत नव्हतं. माझा हात चाचपून ती म्हणाली, बाबू, तो फोनवर काय बोलला ते पुन्हा सांग. मी प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हादने अंगणातल्या कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगा उस्ताद," तो म्हणाला. "तिच्यापुरतं सांगा."

मी सांगितलं. त्यानंतर दर फेब्रुवारीला सांगितलं. दुसरीकडे कुठे नाही.

मागच्या वर्षी म्हातारी गेली. आता हे जसं झालं तसं लिहिता येतं. प्रल्हादने शेवटचं पान तपासलं आहे. त्यावर लाल खूण नाही.

लान्स नायक यादय्या, लाइनमन, नलगोंडा जिल्हा. १२२० वाजता पोस्टवरून लाईन दुरुस्तीला निघाला. सोबत एक जवान, केबलचं एक रीळ, टेस्ट टेलिफोन, पक्कड. निघताना मला म्हणाला, उस्ताद, चहा ठेवा. १३१० वाजता हिमस्खलन. १७४० वाजता सापडला. चहा ठेवला होता.

१२०० ते १६०० एक्सचेंजवर हवालदार उद्धव. जागा होता. नथिंग हर्ड.